ब्रेकवरचा पाय

अप्पांचा डावा पाय गुडघ्याखाली कापला, तेव्हा शुद्धीवर आल्या आल्या त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "उजवा ठेवलाय ना?" डॉक्टर म्हणाले, ठेवलाय. "मग ठीक आहे. ब्रेक उजव्यात असतो," असं म्हणून अप्पा पुन्हा झोपले. आई पदराचा बोळा तोंडात कोंबून बाहेर गेली. ती रडायला गेली की हसायला, हे मला आजतागायत कळलेलं नाही, आणि विचारलं तर म्हणते, "तुला काय करायचंय?" अप्पांना शुगर होती. म्हणजे डॉक्टरांच्या मते होती, अप्पांना ती मान्य नव्हती. गॅरेजमध्ये सपाता घालून फिरायचे. लेथवरच्या लोखंडाचा एक कीस तळव्यात शिरला, त्यावर त्यांनी हळद दाबली, वर ग्रीसचं फडकं बांधलं, आणि पुढचं सगळं त्या फडक्यानं केलं.

नाशकात द्वारकेला आमचं गॅरेज होतं आणि त्याच्या मागे घर. घर कुठे संपतं आणि गॅरेज कुठे सुरू होतं याबद्दल आईचं आणि अप्पांचं लग्नापासून एकमत नव्हतं. पुढून आग्रा रोडच्या ट्रकांचे हॉर्न आणि मागून कुकरच्या शिट्ट्या, यातच मी मोठी झाले. कुकर आधी ऐकला की एअर ब्रेक, सांगता येणार नाही. आईच्या चहाला डिझेलचा वास यायचा आणि अप्पांच्या पान्यांना लसणाच्या फोडणीचा. मी एकुलती एक. मुलगा नाही म्हणून नातेवाईक हळहळायचे, तेव्हा अप्पा म्हणायचे, "बोल्ट सैल करायला मिशा लागत नाहीत." मेकॅनिकलचा डिप्लोमा मी त्यांच्या याच वाक्याच्या जोरावर केला. वर्गात मुलगी मी एकटीच होते आणि शिव्या सगळ्यांत जास्त मलाच येत होत्या.

पाय गेल्यावर अप्पा ओसरीतल्या लोखंडी खुर्चीत बसले, ते बसलेच. जयपूरचा पाय करून आणला. चालायला बरा होता, पण क्लचला निरुपयोगी. "क्लच तळव्याला कळतो. लाकडाला काय कळणार, कप्पाळ?" अप्पा म्हणाले. ते त्यांचं खरंच होतं. मग मी म्हटलं, मी चालवते, तुम्ही शेजारी बसा. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते आमच्या घरात म्हणीसारखं झालंय. "दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीतून मी एकदाच जाणार आहे. तेव्हा बसलेला नसेन, आडवा असेन." झालं. दवाखाना नाही, लग्नकार्य नाही, नाक्यावरची मिसळ नाही. डॉक्टर घरी यायचे आणि शिव्या खाऊन जायचे. दिवसभर खुर्चीतून "वैशेऽऽ" अशी हाक, आणि वैशी म्हणजे मी, त्यांचा चष्मा, पानतंबाखू, पेपर, पाना, पोटातली आग असं सगळं घेऊन पळायची. ते दुसऱ्या कोणाचं ऐकायचे नाहीत. आईचं तर मुळीच नाही.

आणि मला पुण्याला नोकरी लागली होती. चांगल्या कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात. त्यांनी दिवाळीपर्यंत जागा धरून ठेवायचं कबूल केलं होतं. आई म्हणाली, "जा तू, मी बघते." ती कसं बघणार ते मला दिसत होतं. अप्पांना स्वतःच्या चाकांवर बाहेर पडता आलं तर मी सुटणार होते, नाहीतर त्या खुर्चीशेजारी माझीही एक खुर्ची लागणार होती. एवढी सरळ गोष्ट होती. यात त्यागबिग काही नव्हतं, मला पळायचं होतं.

तोड काढली सलीमचाचांनी. चाचा म्हणजे अप्पांचे गॅरेजमधले भागीदार. भद्रकालीत राहायचे. अप्पा जेवढे बोलायचे तेवढे चाचा गप्प, त्यामुळे भागीदारी टिकली. गॅरेजच्या कोपऱ्यात एक जपानी गाडी धूळ खात पडली होती. आखातातून आलेल्या एकानं आणली, दुरुस्तीला टाकली आणि शेवटी अप्पांच्या गळ्यात मारली. चाचा एक दिवस तिच्या बॉनेटवर बोट फिरवून म्हणाले, "अप्पा, इसका ऑटोमॅटिक गिअरबॉक्स भेटतो कुर्ल्याला. क्लचच नाय. एकच पाय लागतो." अप्पांनी तंबाखू मळायची थांबवली. त्या काळी आमच्याकडे ऑटोमॅटिक म्हणजे श्रीमंतांचं थेर. अप्पा अशा गाड्यांना "बिनदातांची म्हातारी" म्हणायचे. शेवटी त्यांनी चिमूट ओठात दाबली आणि म्हणाले, "आणा म्हातारी."

आणायचं काम पोपटमामाचं. पोपटमामा आईचा धाकटा भाऊ, दिंडोरीकडचा द्राक्षबागायतदार. त्या वेळी त्याचा टोमॅटोचा टेम्पो मुंबईला जात होता. येताना रिकाम्या क्रेटांच्या मधोमध गोणपाटात गुंडाळून तो गिअरबॉक्स आला, अगदी पोळ्याच्या दिवशी. आई औक्षणाचं ताट घेऊन दारातच उभी होती, मामाचे बैल काही येईनात, तेव्हा तिनं गिअरबॉक्सलाच ओवाळलं. मामानं वर गुलाल उधळला. अप्पा ओरडले, "अरे गाढवा, त्याच्या आत कण गेला तर मेला तो!" आणि गिअरबॉक्स उघडायचा तर धूळ नसलेली जागा पाहिजे म्हणून तो आईच्या स्वयंपाकघरात गेला. ओट्यावर तो बसला आणि आई जमिनीवर स्टोव्ह घेऊन. अप्पा दाराशी खुर्ची टाकून हुकूम सोडायचे, चाचा उघडायचे, मी पुसायचे. ऑटोमॅटिकच्या पोटात नुसत्या नागमोडी गल्ल्या असतात आणि त्यात मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या पोलादी गोळ्या. त्या हरवू नयेत म्हणून मी आईचा मसाल्याचा डबा रिकामा केला. एकेका वाटीत एकेका गल्लीच्या गोळ्या. पुढे महिनाभर आमच्या आमटीला वेगळाच तकतकीतपणा होता. आई म्हणायची, "खा मुकाट्यानं, सांध्यांना चांगलं."

बसवताना मात्र खरी मजा. या गिअरबॉक्सच्या तोंडाशी भोपळ्याएवढा एक गोल डबा असतो, क्लचचं काम तो तेलाच्या जोरावर करतो. त्याला हातानं फिरवत फिरवत आत ढकलायचं, पूर्ण बसेपर्यंत, आणि बसला की खट असा आवाज येतो. मी गाडीखाली उताणी, छातीवर भोपळा, अप्पा खुर्चीत डोळे मिटून कान लावून. "बसला," मी म्हणायची. "नाही बसला. खट झालं नाही." पुन्हा फिरव. हात भरून आले, तोंडात तेल गेलं, शिव्या देताना देवाधर्मालाही मी सोडलं नाही, आणि मग ते खट झालं. मी काही म्हणायच्या आत अप्पा म्हणाले, "हं." पुढे पुण्याला साहेब लोकांनी माझी बरीच कौतुकं केली. त्या "हं"च्या पासंगाला कुठलंच पुरलं नाही.

अंगणात पहिल्यांदा गाडी हलवली ती मामानं, कोणी बोलावलं नसताना. आयुष्यभर क्लच मारलेला माणूस! डाव्या पायानं सवयीनं क्लच शोधला, तिथे सापडला ब्रेक, तो दाबला दणकून, आणि मामाचं कपाळ काचेवर. घाबरून त्यानं पाय उचलला तर गाडी आपलीआपण पुढे निघाली. ऑटोमॅटिकचं ते असंच असतं. ब्रेकवरचा पाय सुटला की ती हळूहळू चालू लागते, कोणाला विचारत नाही. आईच्या दोरीवरच्या दोन साड्या टपावर घेऊन ती भिंतीपाशी थांबली. अप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग स्वतः बसले. काठी मागच्या सीटवर फेकली, गिअरचा दांडा ओढला, आणि गाडी अंगणात लोण्यासारखी मागेपुढे केली. क्लच शोधायला डावा पायच नव्हता त्यांना! नाशकात त्या दिवशी ऑटोमॅटिकसाठी त्यांच्याइतका लायक ड्रायव्हर दुसरा नसेल.

आता राहिलं एक काम. या गिअरबॉक्सचं तेल फार तापतं. म्हणून ते दोन नळ्यांमधून पुढच्या जाळीमागच्या छोट्या कूलरमध्ये जातं, निवून परत येतं. कूलर चाचांनी भंगारातल्या क्रेनचा काढून आणला होता. नळ्या पोलादी हव्यात, हे अप्पांनी शंभरदा बजावलं होतं. पण सातपूरचा नळीवाला नेमका गावाला गेलेला, आणि आईनं गडावर जायला शुक्रवार धरलेला. आमच्याकडे कुठलंही नवं वाहन फाटकाबाहेर पडलं की आधी वणीच्या गडावर देवीला, मग बाकी कुठेही. सायकल आणली तरी गड. त्यामुळे रस्त्यावर फेरी मारून बघू, चढ चढवून बघू, ही भाषाच नाही. गुरुवारी दुपारी मामा पिवळी नळी घेऊन आला. द्राक्षबागेत औषध मारायच्या पंपाची नळी. आमच्या मामाच्या मते जगात त्या नळीनं होत नाही असं काम नाही. तिनं तो बैल बांधायचा, पाणी भरायचा, तिचंच कापून चपलेला अंगठा करायचा. "दाजी, लय प्रेशर खाते ही. तुमच्या त्या डब्याचं काय घिऊन बसले!" तो म्हणाला. अप्पा जन्मभर जुगाडाला शिव्या देत आलेले. दुसऱ्या कोणी अशी नळी लावली असती तर त्याला तिनंच फोडून काढला असता. त्यांनी नळी हातात घेतली, दाबून बघितली, मग फाटकाकडे बघितलं. चाचा काहीतरी बोलणार होते. अप्पा म्हणाले, "एक दिवस चालेल."

शुक्रवारी सकाळी निघालो. पुढे अप्पा आणि आई, मागे मामा, चाचा आणि मधे मी, मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा. आईनं मला नऊवार नाही, पण काठापदराची साडी नेसवलीच. डिकीत तांबड्या तेलाचे डबे आणि हत्यारांची पेटी. फाटकाबाहेर चाकांखाली लिंबं चिरडली आणि अप्पांनी गाडी रस्त्यावर घातली, ती अशी की आजूबाजूचे सगळे रिक्षावाले बघत राहिले. मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नाही, माझ्या रिझल्टलाही नाही. दिंडोरीच्या पुढे दोन्ही बाजूंना छाटलेल्या बागा, औषधाचा तो तिखट वास, आणि अप्पा एकेक ट्रॅक्टर मागे टाकत, प्रत्येकाला आईवरून काहीतरी बोलत. गाडी आपोआप गिअर बदलायची तेव्हा त्यांची डावी मांडी जरा वर उचलली जायची, क्लच दाबायला. आईनं ते पाहिलं आणि खिडकीबाहेर तोंड फिरवलं. मी पुरणपोळ्यांच्या डब्याकडे बघत बसले. मला रडू येत होतं आणि मधे मामाचा कोपर खुपत होता.

नांदुरी सोडून घाट चढायला लागलो आणि जळका वास आला. मामा म्हणाला, "पुढं गेलेल्या टेम्पोचा असंल." मग फट्कन आवाज झाला, इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी जागेवर. अप्पांनी त्याच क्षणी दांडा मागे घेतला, इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला. खाली उतरून बघते तो पिवळी नळी शिजलेल्या शेवईसारखी लोंबतेय आणि मागे रस्ताभर लालभडक तेलाचा पट्टा. प्रेशर तिनं खाल्लं असतं हो, पण उकळतं तेल तिच्या बापानंही कधी खाल्लं नव्हतं! मागून भक्तांचा टेम्पो येत होता, तो थांबला. त्यातला एक म्हातारा खाली उतरला, त्या लाल पट्ट्याकडे बघून हात जोडले आणि आदरानं विचारलं, "बोकड कुठं हाये?"

"हा काय उभा," अप्पा खिडकीतून म्हणाले, "आमचा मेव्हणा."

टेम्पो हसला, चाचा हसले, आईसुद्धा हसली. अप्पा हसले नाहीत. स्टिअरिंगवरचे हात त्यांनी मांडीवर घेतले आणि म्हणाले, "साखळी आणा कुठूनतरी. ओढून न्या घरी. आपल्याच्यानं आता होणार नाही. संपलं." इतक्या हळू आवाजात ते कधी बोलायचे नाहीत. मामाला एरवी द्यायचे तशा शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. आणि मग माझं डोकं फिरलं. भर घाटात, काठापदराच्या साडीत, टेम्पोभर भक्तांसमोर मी ओरडले, "संपलं म्हणजे काय? तुमचा एक पाय गेलाय अप्पा, माझे दोन्ही तुम्ही त्या खुर्चीला बांधून ठेवलेत! मला जायचंय पुण्याला. तुम्ही गाडी चालवायचीय, मग मेलात तरी चालेल!" टेम्पोतल्या बायका "अगं बाई" म्हणाल्या. मीही मनात तेच म्हणाले. मग अप्पांचे हात पुन्हा स्टिअरिंगवर गेले. "बोंबलतेस काय," ते म्हणाले, "वणीत ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचे पाइप करणारा आहे. पोलादी आण. टोकं त्याच्याकडूनच फुलवून आण. मापाला ही बोकडाची नळी घेऊन जा."

चाचा आणि मी काळ्यापिवळ्या जीपनं खाली वणीला गेलो आणि पाइप घेऊन आलो. तोवर मामा मागच्या चाकाला दगड लावून त्या दगडावर बसला होता. तशी शिक्षाच होती त्याला, आईनं दिलेली. पाइप स्टेपनीच्या रिमवरून हळूहळू वाकवला, साडी खोचली आणि गाडीखाली गेले. पाठीखाली डांबर, तोंडावर थेंब थेंब तेल, आणि रस्त्यानं जाणाऱ्या भक्तांचे नुसते पाय. एक बाई तर मला नवस फेडणारी समजून पायांशी चार आणे ठेवून गेली. आईनं चहाच्या गाळणीतून तेल ओतलं. गाडी सुरू केली, चाचांनी नळीवर तळहात फिरवला. कोरडी. वर अप्पा डोळे मिटून ऐकत होते. "हं," ते म्हणाले, "उभे राहा बाजूला. एक चक्कर मारून बघतो."

आणि गेले. एकटेच. आम्ही चौघं रस्त्याच्या कडेला, शेजारी नारळ, खण आणि डबा. पहिल्यांदा वाटलं, येतील वळणावरून. मग चाचांनी विडी पेटवली, ती संपली. मामा म्हणाला, "दाजी सुरतला तर नाय गेले?" ऊन चढलं. मी वळणापर्यंत दोनदा जाऊन आले, मघाशी बोलले होते ते शब्द बरोबर घेऊन. आई मात्र दगडावर बसली, डबा उघडला आणि म्हणाली, "खा." मी म्हटलं, "अगं, नैवेद्य आहे!" "देवीला घाई नाही," आई म्हणाली. "आणि तिच्या नवऱ्याला शुगर नाही. खा." आम्ही देवीच्या आधी जेवलो. इतक्या चवीची पुरणपोळी नंतर कधी खाल्ली नाही, आणि देवीचा कोपही झाला नाही.

मग वरून गाडी आली. अगदी सावकाश. अप्पांच्या कपाळावर कुंकू होतं आणि मिशीला पेढा. देवळाच्या पायऱ्या त्यांना चढणं शक्य नव्हतं. पायथ्याच्या दुकानापाशी गाडीतच बसून पेढे मागवले आणि पुडा संपवला, असं त्यांनी पुढे कधीतरी सांगितलं. पाय गेल्यापासून आमच्या नजरेखाली घास घास मोजून खाणारा माणूस, कोणी बघत नाही अशा जागी पहिल्यांदाच गेला होता. आईनं खिडकीतून हात घालून पदरानं त्यांची मिशी पुसली. शुगरवरच्या तिच्या हातखंडा भाषणाची वेळ होती, पण ती पुढच्या सीटवर बसली आणि म्हणाली, "चला, आता मला न्या."

दिवाळीच्या आधी मी पुण्याला निघाले. अप्पांनीच स्टँडवर सोडलं. बॅग मी काढली, त्यांनी इंजिन चालूच ठेवलं. "पोचलीस की फोन कर. आणि कोणी वाकडी नळी लावली तर सही करू नकोस," एवढाच आशीर्वाद. मी पाया पडले, चुकून जयपूरच्या पायाला. "तो नको, त्याला काही कळत नाही," ते म्हणाले. बस सुटली तेव्हा मला खिडकी मिळाली होती. मागे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर उतरले असते. नाशिकरोडला बस थांबली तेव्हा सहज मान वळवली, तर मागे आमची जपानी गाडी. शिंदे-पळसे गेलं, मागे गाडी. मोहदरीचा घाट चढलो, मागे गाडी. सिन्नरच्या स्टँडवर बसमधल्या बायका मला म्हणाल्या, "कोण गं तो, पाठलाग करतोय?" मी म्हटलं, "माहीत नाही बाई," आणि इतकी रडले की शेजारणीनं मला संत्रं सोलून दिलं.

त्या संध्याकाळी फोन केला तेव्हा मागून आईचा आवाज येत होता, "विचार, विचार त्यांना, सिन्नरपर्यंत कशाला गेले होते ते!" अप्पा फोनवर खेकसले, "मी कुठे गेलो? ब्रेकवरचा पाय सुटला. ऑटोमॅटिक गाडी ती, आपोआप चालते."

"अहो, पण मोहदरीला चढ आहे!" आई मागून म्हणाली.

अप्पांनी फोन ठेवून दिला.